हजार कासवांचं तळं

"मामा, थांब! हे मघाशीच मोजलंस तू!"

टिकली एवढ्या जोरात किंचाळली की मामाच्या हातातलं मोजायचं यंत्र पाण्यात पडता पडता वाचलं. मुठीत मावेल एवढं गोल लोखंडी यंत्र होतं ते. बटण दाबलं की 'टिक' वाजायचं आणि आकडा एकाने पुढे सरकायचा. मामा तळ्याचा मुकादम होता. रोज सकाळी खाद्याची हातगाडी ढकलत तो तळ्याला फेरी मारायचा. चार धक्क्यांवर थांबायचा, गाडीला टांगलेली घंटा वाजवायचा, पाल्याचे देठ टाकायचा आणि वर आलेली कासवं टिकटिक करत मोजायचा. चारही धक्क्यांची बेरीज संध्याकाळी कचेरीत जायची.

"कुठलं मोजलं?" मामा वैतागून म्हणाला.

"ते बघ ना! फुटक्या पाठीचं! पहिल्या धक्क्यावर मीच त्याला देठ भरवला!"

"कासवांच्या पाठी फुटतातच गं. दुसरं असेल."

"टिकले," पोपट म्हणाला, "काल म्हणालीस सगळी कासवं सारखीच दिसतात. आज म्हणतेस हे वेगळं. एक काय ते ठरव बाई!"

पोपट म्हणजे मामाचा मुलगा. सातवीत होता आणि झोपेतसुद्धा बोलायचा. टिकली आठ वर्षांची. तिची थोरली बहीण ठिणगी तेरा वर्षांची, आणि हे नाव तिला कोणी उगाच ठेवलं नव्हतं. दोघी बहिणी सुट्टीला मामाकडे आल्या होत्या. चौथी चष्मिस. ती शेजारच्या घरात राहायची आणि वाचनालयातून आणलेल्या जाडजूड पुस्तकात नाक खुपसून चालताना आतापर्यंत दोनदा तळ्यात पडली होती.

ठिणगी वाकून त्या कासवाकडे बघत होती. पाठीच्या डाव्या कडेला वाटीचा टवका उडावा तसा तुकडा उडालेला होता. तिनेही ते पहिल्या धक्क्यावर पाहिलं होतं.

आभाळ गेले काही दिवस राखेसारखं होतं. ना ऊन, ना पाऊस. तळ्याच्या चारही बाजूंना गुळगुळीत, करड्या रंगाच्या टाइल होत्या. मधेमधे लोखंडी बाकं. फाटकावर मोठा बोर्ड: 'हजार कासवांचं तळं'. तो रंगवायला रंगारी आला होता. मोजायला कोणी आलं नव्हतं.

"शनिवारी ट्रक येणार ना, मामा?" ठिणगीने विचारलं.

"हो. दुसऱ्या गावात नवीन बाग होतेय. तिथल्या तळ्याला आपली पाचशे कासवं द्यायची. साहेब म्हणतात, इथे दाटी झालीय." मामा छाती फुगवून म्हणाला, "वीस वर्षं सांभाळलीत मी. आपल्याकडे जास्त आहेत म्हणून तर देतोय!"

तो गाडी ढकलत तिसऱ्या धक्क्याकडे निघाला. चाकं टाइलवर खडखडली. आणि ठिणगीला दिसलं की गाडीच्या बरोबरीने, काठापासून हातभर अंतरावर, पाण्याखालून काळ्या काळ्या सावल्या निघाल्या आहेत. गाडी थांबली की त्याही थांबत होत्या.

"पोपट," ती हळूच म्हणाली, "तोंड मिट आणि पाण्यात बघ."

पोपटने पाहिलं. आणि खरंच, चक्क तोंड मिटलं!

दुपारी पंपघरामागच्या वाळूच्या ढिगाऱ्यावर सभा भरली. बांधकामातून उरलेली वाळू तशीच पडून होती. ती उचलायचा खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा यावर दोन खाती अजून भांडत होती.

"एकच कासव मामा चार वेळा मोजतो," ठिणगी म्हणाली. "सगळी कासवं घंटेमागून फिरतात. चार धक्के, चार वेळा तीच."

"माझ्या बाबांना खोटारडं म्हणू नकोस हं!" पोपट उसळला.

"खोटारडा कोण म्हणतंय? चुकलाय म्हणतेय."

"सिद्ध कर!"

"त्याला एक युक्ती आहे," चष्मिस पुस्तकातून वर न बघता म्हणाली. "थोड्या कासवांवर खूण करायची. मग दुसऱ्या ठिकाणी जी येतील त्यांत खुणेची किती ते बघायचं. खूण केलेली साठ असतील, आणि पुढे येणाऱ्या दर चारांत एक खुणेचं निघालं, तर सगळी मिळून किती?"

"साठ चोक... दोनशे चाळीस," पोपट म्हणाला. मग त्याच्या डोक्यात काय ते शिरलं. "दोनशे चाळीस? बोर्डावर हजार आहेत!"

"म्हणून तर मोजायचं. प्रत्येक प्राणी पकडून मोजता येत नाही, तेव्हा असाच अंदाज काढतात. जंगलात, समुद्रात, सगळीकडे."

"पण खूण कशाने करायची? खडू धुऊन जाईल."

तिघांचीही नजर टिकलीकडे वळली. टिकलीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. तिच्या नखांवर लालभडक नेलपॉलिश होतं आणि ती बाटली तिचा जीव की प्राण होती.

"मी नाही देणार!"

"पाचशे कासवं पळवून नेणार आहेत गं!"

टिकलीने ओठ काढले. शेवटी खिशातून बाटली निघाली. "पण रंग मीच लावणार. आणि त्या फुटक्या पाठीच्याला, माझ्या फुटक्या वाटीला, सगळ्यात आधी!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या धक्क्यावर मामा मोजत असताना चौघं पायरीवर पालथी पडली. देठ खायला आलेल्या कासवांच्या पाठीच्या कडेला एकेक बारीकसा लाल ठिपका. "डोक्याजवळ नको, मऊ भागावर नको!" चष्मिस पुन्हा पुन्हा बजावत होती. मामा हसला. "नटवा, नटवा! पाहुणे येणारच आहेत!"

साठ ठिपके झाले आणि बाटली संपली.

दुसऱ्या धक्क्यावर घंटा वाजली. पाणी हललं. आणि लाल ठिपके वर आले. साध्या पाठी, मधे एक ठिपका. पुन्हा साध्या, पुन्हा ठिपका. दर चारांत साधारण एक. तिसऱ्या धक्क्यावर तेच. चौथ्यावर तेच. मामाचं यंत्र मात्र टिकटिक करत पुढे पळत होतं. आकड्याकडे बघायची त्याला इतकी सवय झाली होती की ठिपके त्याला दिसलेच नाहीत.

पोपट एक शब्दही बोलला नाही. तो बोलत नाही म्हणजे काय हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"अजून एक आहे," चष्मिस म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "तुमच्या लक्षात आलं का? सगळी कासवं केवढी होती?"

"ताटाएवढी."

"एखादं बशीएवढं? वाटीएवढं? एक तरी?"

कोणाला आठवेना. ठिणगीने डोळे मिटून सगळे ठिपके पुन्हा आठवून पाहिले. सगळ्या पाठी मोठ्या, जाड, झिजलेल्या.

"पिल्लं लाजत असतील," टिकली म्हणाली.

"एखाद्या गावात फक्त आजी-आजोबाच दिसले तर ती मुलं लाजतायत असं म्हणशील?" चष्मिसने चष्मा काढून फ्रॉकला पुसला. "कासव खूप जगतं. त्यामुळे तळं भरलेलं दिसतं. पण या तळ्यात कित्येक वर्षांत कोणी जन्मलेलंच नाही. हे तळं संपत चाललंय. फक्त हळू, त्यामुळे कळत नाही."

संध्याकाळी डासांची गाडी आली. ती रोजच यायची. पांढरा धूर सोडत तळ्याला वळसा घालायची आणि जायची. धूर विरायच्या आत डास चावायला हजर!

"हा कसला धूर!" पोपट पोटऱ्या खाजवत ओरडला. "डास याच्यात आंघोळ करतात की काय?"

"सुरुवातीला मरायचे," चष्मिस म्हणाली. "पण लाखांत थोडे जन्मतःच टणक असतात. त्यांना धूर बाधत नाही. बाकीचे मेले, हे उरले. मग यांचीच अंडी, यांचीच पिल्लं. आता सगळे टणक."

"म्हणजे धूर देऊन देऊन आपणच टणक डास निवडले?"

"हो. उत्क्रांती म्हणतात तिला. आणि त्यांना खाणारे आपण आधीच हाकलले. काठाला लव्हाळं होतं तेव्हा बेडूक होते, चतुर होते. सुशोभीकरण केलं, लव्हाळं उपटलं, टाइल बसवल्या. बेडूक गेले, चतुर गेले."

"टाइल कधी बसवल्या?" ठिणगीने विचारलं.

"मी पहिलीत होतो तेव्हा," पोपट म्हणाला. "साहेबांनी फीत कापली होती. मला लाडू... नाही, गोळी मिळाली होती."

"मग कासवंही टणक होतील ना डासांसारखी?" टिकलीने आशेने विचारलं. "टाइलला पुरून उरतील?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. ठिणगीने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि बोट दाखवलं.

समोरच्या काठावर एक कासवीण पाण्यातून वर येत होती. पुढचे पाय रोवत, घसरत, पुन्हा रोवत. बाकापर्यंत पोहोचायलाच तिला खूप वेळ लागला. तिथे ती वळली. मागचे पाय एकाआड एक हलवू लागली.

खर्र. खर्र. खर्र.

"काय करतेय ती?" पोपट कुजबुजला.

"खड्डा खणतेय," चष्मिस म्हणाली. "अंडी घालायला."

टाइलवर!

खर्र. खर्र. टाइल हसत नव्हती, रडत नव्हती, हलत नव्हती. कासवीण थांबायची, मान आत घ्यायची आणि पुन्हा सुरू करायची. तिच्या आईने हेच केलं होतं, तिच्या आजीने हेच केलं होतं. माणूस नावाचा प्राणी जगात यायच्याही आधीपासून कासविणी हेच करत आल्या होत्या: वर यायचं, पायाखाली माती असणार, ती उकरायची. पायाखाली माती नसेल हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? साहेबांनी फीत कापताना तिला बोलावलं नव्हतं.

तिच्या नखांतून रक्त आलं. करड्या टाइलवर बारीक रेघा उमटल्या. मग तिने खणणं सोडलं आणि तिथेच, उघड्यावर, एकामागून एक अंडी घातली. पांढरी, लांबट. त्यांतली दोन घरंगळत बाकाच्या पायाला आपटली आणि फुटली. मागचे पाय हलवून तिने नसलेली माती त्यांच्यावर लोटली. नीट, काळजीपूर्वक. आणि पाण्याकडे परत गेली.

बाकावर आधीच दोन कावळे येऊन बसले होते. त्यांना सवय होती.

टिकली हमसून हमसून रडायला लागली. ठिणगी मात्र धावत सुटली. "हुर्र! हाट!" तिने चप्पल भिरकावली. कावळे उडाले. तेही जेमतेम, पलीकडच्या बाकापर्यंत.

"अंडी उलटी करू नकोस!" चष्मिस मागून ओरडली. "आहेत तशीच उचल, वरची बाजू वरच राहू दे!"

सात अंडी वाचली होती. पोपटने टोपी काढली, चष्मिसने तळाशी रुमाल अंथरला. पंपघरामागच्या वाळूत त्यांनी कोपरभर खड्डा केला, अंडी ठेवली, वाळू लोटली. वर तारेची जुनी जाळी आणि तिच्यावर चारी बाजूंनी दगड.

"टिकले, तुझं उत्तर," चष्मिस हात झटकत म्हणाली. "डासांची पिढी पंधरवड्यात बदलते. कासवाला आई व्हायलाच दहा-बारा वर्षं लागतात. आणि लाखो पिल्लं असतील तर त्यांतली थोडी वेगळी निघतील, ती तगतील. इथे एकही नाही. निवडायला पिल्लंच नाहीत, तर निसर्ग निवडणार कोणाला?"

"आणि शनिवारी उरलेलीही नेणार," ठिणगी म्हणाली. "पाचशे मागितलीत. इथे अडीचशेसुद्धा नाहीत. जाळं टाकतील आणि असतील नसतील तेवढी भरतील. नव्या बागेतही अशाच टाइल असतील."

मामाला सांगायचं कोणी? पोपट चपलेने माती उकरत राहिला. शेवटी ठिणगीच गेली.

मामा ओट्यावर बसून हातगाडीच्या चाकाला वंगण लावत होता. तिने सगळं सांगितलं. ठिपके, सावल्या, टाइलवरचं रक्त, सगळं. मामाचा हात थांबला.

"म्हणजे मी गाढव!" तो एकदम कडाडला. "वीस वर्षं मी गाढवासारखा फिरलो म्हणतेस? कालची पोरगी तू, मला मोजायला शिकवतेस?"

"मामा, तसं नाही..."

"जा आत! आणि साहेबांपुढे यातलं अक्षर काढलंस तर उद्याच तुला घरी पोचवतो!"

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पोरीवर कशाला ओरडता? पूर्वी चार माणसं होती तुम्ही. चार धक्क्यांवर चार घंटा, एकदम वाजायच्या. चौघं एका वेळी मोजायचे. तिघांना कमी केलं आणि तुमच्या हातात एक गाडी दिली. साहेब म्हणाले, काम तेच आहे, फक्त एकट्याने करा. तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना, हे काही खरं नाही?"

मामा उठला आणि अंधारात निघून गेला.

ठिणगी उशीत तोंड खुपसून पडली. मामाची नोकरी जाईल का? पोपट बोलेल का पुन्हा? पण डोळे मिटले की कानात तेच वाजायचं. खर्र. खर्र.

"बेत ऐका," शनिवारी उजाडता उजाडता ती म्हणाली. "गाडीच्या घंटेचा लोळा काढून लपवायचा. घंटा वाजली नाही की कासवं येणार नाहीत. कासवं आली नाहीत की जाळं टाकता येणार नाही. मग आपण धक्क्यांवरच्या जुन्या चार घंटा एकदम वाजवायच्या. एकाच वेळी, चारही ठिकाणी. जेवढी असतील तेवढीच दिसतील!"

"बाबा मारतील," पोपट म्हणाला. त्या संध्याकाळनंतरचं हे त्याचं पहिलं वाक्य.

"तू नको येऊस मग."

"येतो. गाडीच्या शेडची किल्ली मलाच माहितीये कुठे असते!"

चौघं पावलं न वाजवता शेडमध्ये शिरली. पोपटने घंटेत हात घातला. आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

"लोळा नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीये! कोणीतरी आधीच काढलाय!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

साहेब आले. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. नव्या बागेच्या पाहुणीबाई आल्या. पिकलेले केस, पायात चिखलाचे बूट, आणि आल्या आल्या टाइलकडे बघून त्यांनी कपाळाला आठी घातली. ट्रकमधून जाळीवाले उतरले.

"तर ही आमची हजार कासवं!" साहेब हात पसरून म्हणाले. पाण्यावर एकही दिसत नव्हतं. "मुकादम, घंटा!"

मामाने दोरी ओढली. घंटा मुकाट हलली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

"साहेब, नादुरुस्त दिसते," मामा गंभीरपणे म्हणाला.

"आजच? आज नादुरुस्त?"

"जुन्या आहेत चार, धक्क्यांवर. पण कासवांना त्या चारही एकदम वाजायची सवय होती. एकदमच वाजवाव्या लागतील. आणि माणूस मी एकटा. तुम्हीच केलात एकटा."

"मग कोणाला तरी उभं करा! वेळ नाही माझ्याकडे!"

मामा सावकाश मागे वळला. त्याच्या सदऱ्याच्या खिशाला जड काहीतरी ओढ देत होतं. पितळेचं. ठिणगीला ते दिसलं.

"ही चार पोरं आहेत," मामा म्हणाला. "चालतील?"

चौघं चार दिशांना सुटली! ठिणगी चौथ्या, लांबच्या धक्क्यावर पोहोचली. घंटेची बिजागरी गंजून घट्ट झाली असेल अशी तिला भीती होती. तिने हात लावला. बोटांना तेल लागलं. ताजं तेल.

मामा रात्री कुठे गेला होता ते तिला कळलं.

"एक, दोन, तीन!" पोपटचा आवाज तळ्यावरून घुमला. चार घंटा एकदम वाजल्या. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा.

पाणी हललं. सावल्या गोंधळल्या, थांबल्या, मग फाकल्या. काही इकडे, काही तिकडे. प्रत्येक धक्क्यावर मूठभर काळ्या पाठी वर आल्या. मूठभरच.

"चौपन्न!" टिकली ओरडली. "आणि फुटकी वाटी माझ्याकडे आलीय!"

"त्रेसष्ट!" पोपट.

"एकोणसाठ!" चष्मिस.

"पंचावन्न!" ठिणगी.

मामाने बेरीज मोठ्याने सांगितली. "दोनशे एकतीस, साहेब."

"मूर्खपणा! बाकीची खाली असतील!"

"खाली नाहीत," ठिणगी धापा टाकत येऊन म्हणाली. "कुठेच नाहीत. लाल ठिपके बघा! पहिल्या धक्क्यावर लावले होते, आता चारही ठिकाणी आहेत. तीच कासवं घंटेमागून फिरत होती. आणि यात एकही पिल्लू नाही. दाखवा एक तरी! तुमच्या टाइलवर त्यांना खणता येत नाही!"

"हिला कोणी आत सोडलं? मुकादम, ही मोजणी तुमची आहे. चूक तुमची!"

"मोजणी माझी," मामा म्हणाला. "चूकही माझी. चारातली तीन माणसं काढली ती चूक कोणाची ते तुम्ही ठरवा."

साहेबांचा चेहरा टाइलच्या रंगाचा झाला. पाहुणीबाई मधल्या वेळात पलीकडच्या बाकापाशी जाऊन खाली बसल्या होत्या. त्यांनी बोटाने टाइलवरच्या सुकलेल्या रेघा चाचपल्या. चष्मिस त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती.

त्या उठून आल्या. "ट्रक परत न्या," त्या जाळीवाल्यांना म्हणाल्या. "यांचंच घर रिकामं होतंय, मी काय नेऊ? आणि आमच्या बागेतल्या टाइलचं काम आजच थांबवते." मग मुलांकडे वळल्या. "शाबास, पोरांनो. मोजतात सगळेच. तुम्ही बघितलंत."

साहेबांना वारा कुठून वाहतोय ते लगेच कळलं. अशा माणसांना ते फार चटकन कळतं. "अर्थातच! आमच्या तळ्यावरचीच मुलं ही! शाबास! या, एक फोटो काढू."

"शाबासकी नको," ठिणगी म्हणाली. "टाइल काढा."

"त्याला मंजुरी लागते, बाळ. प्रस्ताव, बैठक..."

मागे धाडकन आवाज झाला! मामाने शेडमधली कुदळ आणून पहिल्या टाइलवर घातली होती. दुसरा घाव. तिसरा. टाइलखाली काळी, ओलसर माती होती. आतापर्यंत तिथेच होती, बोटभर खाली.

पोपटने पहार उचलली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फोटोही कोणी काढला नाही.

सुट्टी संपेपर्यंत एका काठाचा जेमतेम एक पट्टा मोकळा झाला. उरलेल्या तीन काठांची बैठक अजून व्हायची आहे. मामाला लेखी ताकीद मिळाली, गाडी काढून घेतली आणि पंपघरावर बसवलं. मोजायचं यंत्रही जमा करायला सांगितलं होतं. ते मामा विसरला. चार वेळा आठवण केली, चार वेळा विसरला. फाटकावरचा बोर्ड मात्र अजून तसाच आहे.

शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले. एका सकाळी ठिणगी दप्तर भरत असताना फोन वाजला.

"हॅलो, मामा? हॅलो?"

पलीकडून कोणी बोलेना. नुसता वारा. मग एक आवाज आला.

टिक.

ठिणगीच्या हातातलं दप्तर खाली पडलं. "टिकले! इकडे ये! लवकर!"

टिक.

दोघी बहिणींनी फोनला कान चिकटवले. श्वास रोखला. बराच वेळ काहीच नाही. मग,

टिक.

त्या थांबल्या. अजून थांबल्या.

"तीन?" टिकलीने विचारलं.

"तीन," मामाचा आवाज घोगरा होता. "बाकीची चार नासली. पिल्लं जाळीला नाक लावून बसलीत. नाण्याएवढी आहेत गं! पोपट बघून गप्प झालाय."

ठिणगीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तीन. यांना आई व्हायला दहा-बारा वर्षं. तेव्हा ती मामीएवढी नसली तरी मोठी झालेली असेल, आणि मोठ्या माणसांच्या बैठका तेव्हाही चालूच असतील.

"मामा, मोठी होतील ना?"

"काय सांगू? तळं मोठं आहे आणि ही नाण्याएवढी." मग मामा म्हणाला, "शाबास म्हणायचं राहून गेलं होतं त्या दिवशी. आता म्हणतो. चौघांनाही."

"अजून बोल ना!"

"नाही, ठेवतो. बाकावर कावळे येऊन बसलेत. पिल्लांना पाण्यापर्यंत पोचवायचंय, मला मधे उभं राहायला हवं."